अनुदान आणि अध्यापक-विद्यालयांची ग्रंथालये

१९८७ मध्ये केंद्रशासनाच्या साहाय्याने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची योजना सुरू झाली आणि तेथील ग्रंथालयांस सार्वजनिक द्रव्याचा आधार लाभला. कपाटे भरली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हिशेब ग्रंथसंख्येने मागितला, की मार्चअखेर एकाच मार्गदर्शिकेच्या २० प्रती येतात. दाखल नोंदवहीत ते २० ग्रंथच! याचा परिणाम वर्गात दिसतो. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तीत मराठीप्रमाणे तीन लिंगे नसून सजीव-निर्जीव असा भेद आहे. तेथील मूल मराठी बोलताना लिंगात चुकते ते निष्काळजीपणाने नव्हे, हे भावी शिक्षकाने कोठे वाचावे? कोरकूचे एखादे व्याकरण त्या २० प्रतींहून स्वस्त पडेल. पण हिशेबात तो ग्रंथ एकच धरला जातो.