आवर्त आणि आवर्तन

वसमतला एका कुटुंबाच्या ओसरीवर दहावीतल्या मुलीने विज्ञानाचे पुस्तक पुढे केले आणि विचारले, ‘‘फादर, आडव्या ओळी सात म्हणतात. मग खालच्या या दोन कोणाच्या?’’ ‘‘कागदावर जागा नाही म्हणून खाली घेतल्या,’’ असे मी सांगितले. उत्तर चूक नव्हते, पण तिचे समाधान झाले नाही. त्या निमित्ताने बालभारतीच्या २०१८ सालच्या पुस्तकातील ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हे प्रकरण मी सावकाश वाचले.

प्रकरणाची भाषा स्वच्छ आहे. उभ्या रकान्यांस ‘गण’ आणि आडव्या ओळींस ‘आवर्त’ हे शब्द तर फारच नेमके. मात्र न्यूलँड्स यांच्या अष्टकासोबत येणारे सा रे ग म मुलांच्या मनात नको तितके रुतते. तालाचे आवर्तन दर वेळी तेवढ्याच मात्रांचे, त्रिताल सोळाचाच. सारणीतील आवर्ते २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी लांबत जातात. शिवाय न्यूलँड्स यांच्या काळी निऑन ठाऊकच नव्हता. १८९८ साली तो सापडला आणि लिथिअमपासून आठवे असणारे सोडिअम नववे झाले! ओळ मोजून कापलेली नाही. नवे कवच उघडले की ती सुरू होते आणि राजवायूपाशी संपते.

कवचांची धारकता २, ८, १८, ३२. येथे चौकस मूल अडखळते: तिसऱ्या कवचात अठरा मावतात, तर तिसऱ्या ओळीत आठच का? नेमके येथेच प्रकरण घाईने पुढे सरकते, ही माझी मुख्य तक्रार. आर्गॉननंतरचा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातील दहा जागा रिकाम्या ठेवून चौथ्यात शिरतो, म्हणून पोटॅशिअमपासून नवी ओळ. त्या दहा जागा पुढे स्कँडिअम ते जस्त या मूलद्रव्यांत भरतात, आणि चौथी ओळ अठराची होते. सहाव्या व सातव्या ओळींत याहूनही आतल्या कवचातील चौदा-चौदा जागा भरायच्या असतात. खालच्या दोन पट्ट्या त्यांच्याच. एवढी चार वाक्ये पुस्तकाला जड झाली नसती.

पुढच्या खेपेस तिला मी हे सांगितले. तिने तक्त्याची झेरॉक्स प्रत कापली आणि त्या पट्ट्या बेरिअम आणि रेडिअम यांच्या पुढे चिकटवल्या. तक्ता बत्तीस रकान्यांचा झाला; वहीत काही मावेना.