साथीची भाकिते आणि मराठी क्रियापद

रोगाच्या साथीत शास्त्रज्ञांचे भाकीत बहुजनांपर्यंत पोचते ते समीकरणांतून नव्हे, तर वाक्यांतून; आणि वाक्यातील निश्चितीचे माप क्रियापदाच्या हाती असते. भाकितांच्या यशापयशाची चर्चा करताना या गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

रत्नागिरीचेच उदाहरण घेऊ. 21 जून 2021 रोजी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी 'डेल्टा प्लस' या विषाणुप्रकाराचे 21 रुग्ण राज्यात आढळल्याचे सांगितले; त्यांपैकी 9 रत्नागिरी जिल्ह्यातील होते. या प्रकारामुळे तिसरी लाट येऊ शकेल, असा इशारा त्याच सुमारास देण्यात आला होता. लाट आली ती डिसेंबर 2021 च्या अखेरीस, आणि तीही 'ओमायक्रॉन' या निराळ्याच प्रकाराची. मग इशारा खोटा ठरला काय?

'येऊ शकेल' हे रूप केवळ शक्यता मान्य करते. 'येईल' मध्ये वक्त्याचा अंदाज असतो. म्हणूनच 'तो आता घरी असेल' असे आपण वर्तमानाविषयीही म्हणतो. 'येणार' मध्ये अंदाजाची जागा खात्री घेते. एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना पहिल्या रूपाचे तिसरे झाले, की मूळ वक्त्याने न दिलेली हमी त्याच्या माथी बसते.

तथापि सारा दोष श्रोत्यांचा नव्हे. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर 2020 मध्ये असे मत दिले की, खबरदारी पाळली गेल्यास फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस देशातील सक्रिय रुग्ण अत्यल्प राहतील. प्रत्यक्षात त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्रात रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली. येथे 'गेल्यास' या रूपाकडे बोट दाखवून भाकिताचा बचाव करता येईल. परंतु तो बचाव अपुरा आहे. अट किती पाळली म्हणजे पाळली, हे ज्या वाक्यात सांगितलेले नाही, ते वाक्य कधीच खोटे पडत नाही. आणि जे खोटे पडू शकत नाही, त्याच्या आधारे जिल्हा रुग्णालयात किती खाटा मांडाव्यात, हे ठरवता येत नाही.

तात्पर्य, भाकितात अट, मुदत आणि संभाव्यतेचे प्रमाण ही तिन्ही स्पष्ट हवीत. आणि ते पुढे सांगणाऱ्याने क्रियापद बदलता कामा नये. अन्यथा 'लाट येणार' हे वाक्य एकदा फसल्यावर, पुढील खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.