‘श्वास’ : सांगण्याचे धैर्य

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ लाभले. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीच्या वाट्यास आलेला हा मान. पुढे भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठविला गेला, तेव्हा त्या खर्चासाठी सामान्य मराठी माणसांनी वर्गणी दिली. या गौरवाच्या भरात चित्रपटाने विचारलेला प्रश्न मात्र बाजूस राहिला, असे आम्हांस वाटते. सभेच्या गेल्या बैठकीत तो पुन्हा पाहण्याचा योग आला, म्हणून हे टिपण.

कोकणातल्या परशुरामची, म्हणजे परश्याची, दृष्टी अधू होऊ लागते. आजोबा त्याला पुण्यास आणतात. निदान होते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचे. जीव वाचवावयाचा तर शस्त्रक्रिया हवी, आणि तिच्यानंतर कायमचे अंधत्व. डॉ. साने यांचा आग्रह असा की, शस्त्रक्रियेपूर्वी मुलास हे सांगितले गेलेच पाहिजे. सारे नाट्य या एका अटीत आहे. कोणी सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे आणि एवढ्याशा पोराला ते सांगावे तरी का?

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत चौतीस वर्षे काढली. कागदावर सही झाली की संमती झाली, असे मानण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. ही सवय घरातही उपयोगास आली. काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याच्या मुलास, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताचा कर्करोग झाला. वडीलधाऱ्यांनी बसून ठरविले की त्याला काही कळू द्यावयाचे नाही. आजाराचे नावच घरातून हद्दपार झाले. ‘अशक्तपणा आहे’ एवढेच सर्वांच्या तोंडी. संमतिपत्रांवर सह्या त्याच्या वडिलांनी केल्या, साक्षीदार आम्ही. मुलगा दहावीत होता, वॉर्डाच्या दारावरील पाटी त्याला वाचता येत होती, याचे भान कोणासच नव्हते. महिन्याभराने तो आम्हांस हळूच म्हणाला, “आजोबा, मला कळलंय. पण आईला सांगू नका, तिला वाटतंय मला ठाऊक नाही.”

ते वाक्य मनात असल्यामुळे असेल, ‘श्वास’चा उत्तरार्ध यावेळी आम्हांस निराळा दिसला. काही कारणाने शस्त्रक्रिया पुढे जाते आणि आजोबा कोणास न सांगता नातवाला घेऊन रुग्णालयाबाहेर पडतात. एकच गोंधळ उडतो. परतल्यावर डॉक्टर संतापतात, आणि त्यांचा संताप रास्तही आहे. पूर्वी हा भाग आम्हांस भावविवश वाटला होता. आता वाटते, ज्या म्हाताऱ्याला शब्द सापडत नाहीत, त्याची ही सांगण्याची रीत आहे. पाहावयाचे ते आजच पाहून घे, असे तो नातवास सांगतो आहे. डॉक्टरांची शिस्त आणि आजोबांची माया, दोन्ही खऱ्या. दिग्दर्शकाने कोणासही खलनायक केले नाही. अरुण नलावडे यांचे आजोबा बोलण्यापूर्वी अडखळतात, तेथेच त्यांचा अभिनय सर्वांत बोलका आहे. अश्विन चितळेचा परश्या दीनवाणा नाही. तो हट्ट करतो, चिडतो. होळकरशाहीत इकडे आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांना त्यातली कोकणची बोली ऐकताना पणजोबांच्या गावची आठवण झाली, हेही नमूद करावे.

उणिवाही आहेत. मुलाची आई आपणांस बव्हंशी गावच्या आठवणींतूनच भेटते. तिचे दुःख चित्रपटाने जवळजवळ वगळलेच आहे. आमच्या अनुभवास हे पटत नाही. वार्ताहरांची धावपळही वरवरची वाटते. आणखी एक गोष्ट प्रेक्षकांनी जाणून असावी. हा रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे ही त्याची ठळक खूण. वेळीच ध्यानात आल्यास आज केमोथेरपी, लेझर इत्यादी उपचारांनी पुष्कळदा डोळाही वाचविता येतो.

शेवटी काळा चष्मा लावलेला परश्या होडीतून गावी परततो आणि आपल्या माणसांना हाका मारतो. आपली कीव करण्यास तो कोणास सवडच देत नाही. हे बळ कोठून आले, याचे उत्तर डॉक्टरांच्या त्या अटीत आहे.

आमच्या पुतण्याचा मुलगा पूर्ण बरा झाला. आता नोकरी करतो. बैठकीस तो आमच्या शेजारीच बसला होता. चित्रपट संपल्यावर काही बोलला नाही. घरी परतताना मात्र एवढेच म्हणाला, “त्याला निदान आधी सांगितलं होतं, आजोबा.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते.