नियम वाचायचा कसा?

एका खेळाच्या नियमपुस्तकाचे परीक्षण या पानांवर पाहून वाचकांना नवल वाटेल. पण ज्या पुस्तकातल्या एकेका वाक्यावरून खेळाडू तासन्‌तास वाद घालतात, ते भाषा आणि गणित शिकवणाऱ्यांनी एकदा तरी चाळावे असे आम्हांला वाटते. हे पुस्तक म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे २०१४ साली निघालेले 'प्लेयर्स हँडबुक'. त्याची सुधारलेली आवृत्ती २०२४ मध्ये आली, तिचाही विचार करू.

आधी खेळाची थोडक्यात ओळख. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. समोर गुहा आहे, आतून खुडबुड ऐकू येते, असा प्रसंग तो सांगतो. बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रे होऊन आपण काय करणार ते सांगतात. ते साधले की फसले, हे फासे आणि नियम मिळून ठरवतात. बुद्धिबळातला घोडा कसा चालतो यावर वाद होत नाही, कारण तिथल्या चाली ठरलेल्या असतात. इथे मात्र खेळाडू काहीही करू म्हणतो. म्हणून नियम रोजच्या भाषेत लिहावे लागतात, आणि रोजची भाषा आली की तिच्याबरोबर संदिग्धताही येते.

समासाचा विग्रह

२०१४ च्या पुस्तकात 'मेली वेपन अटॅक' असा शब्दप्रयोग आहे. मराठीत आपण त्याला 'जवळून केलेला शस्त्रहल्ला' म्हणू. 'शस्त्रहल्ला' या समासाचा विग्रह आपला विद्यार्थी 'शस्त्राने केलेला हल्ला' असाच करील. पण या पुस्तकात नुसत्या मुठीचा ठोसाही 'शस्त्रहल्ला'च आहे. मंत्राने केलेला हल्ला हा एक प्रकार आणि 'शस्त्रहल्ला' हा दुसरा, अशी तिथली वर्गवारी आहे. मूठ हे शस्त्र मात्र नाही! म्हणजे 'शस्त्रहल्ला केल्यास' अशी सुरुवात असलेला नियम ठोशाला लागू, आणि 'शस्त्राने हल्ला केल्यास' अशी सुरुवात असलेला लागू नाही.

साधा शब्द पारिभाषिक कामाला लावायला हरकत नाही. भौतिकशास्त्रात आपणही 'कार्य' हा शब्द तसाच वापरतो. पण डोक्यावर ओझे घेऊन नुसत्या उभ्या असलेल्या हमालाने त्या ओझ्यावर केलेले कार्य शून्य का, हे आपण वर्गात समजावून सांगतो. या पुस्तकाने ते केले नाही, हा त्याचा मोठा दोष. २०२४ च्या आवृत्तीत अशा जागी शस्त्र आणि निःशस्त्र प्रहार असा दोन्हींचा उल्लेख केलेला आढळतो, आणि पुस्तकाच्या शेवटी परिभाषेची सूचीही आहे. ही सुधारणा मोलाची आहे.

दिसला तरी अदृश्य

दुसरे उदाहरण अदृश्य प्राण्याचे. २०१४ च्या नियमात याची दोन कलमे महत्त्वाची आहेत. पहिले सांगते की असा प्राणी जादू किंवा विशेष इंद्रियशक्ती असल्याखेरीज दिसत नाही. दुसरे सांगते की त्याच्यावर हल्ला करणाऱ्याने फासा दोनदा टाकून लहान आकडा घ्यावा, आणि त्याने हल्ला केल्यास मोठा आकडा घ्यावा. आता एखाद्या जादूगाराने अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र म्हटला. प्राणी त्याला लख्ख दिसू लागला. तरीही त्याने लहानच आकडा घ्यायचा का? अक्षरार्थाने पाहिले तर होय, कारण 'न दिसल्यास' ही अट दुसऱ्या कलमात नाहीच. हेतू पाहिला तर अर्थातच नाही. २०२४ मध्ये नेमकी ही अट घातली गेली, आणि वाद मिटला.

खेळाच्या नियमांचे तेव्हाचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ मध्ये नियमाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी सांगितल्या: नियम लिहिला आहे तसा, लिहिणाऱ्याला अभिप्रेत आहे तसा, आणि खेळ रंगेल तसा. ही विभागणी उपयोगी आहे. सामान्य नियम आणि विशेष नियम यांत विरोध आल्यास विशेष नियम बलवान, हेही पुस्तक आरंभीच सांगते. संस्कृत व्याकरणातले उत्सर्ग आणि अपवाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ते लगेच पटेल. पण आमच्या मते चौथी दृष्टी राहून गेली. ती म्हणजे प्रत्येक अर्थाचा परिणाम मोजून पाहणे.

तीन बाण, फासे किती?

'मॅजिक मिसाइल' या मंत्राने तीन बाण सुटतात. प्रत्येक बाणाची इजा म्हणजे चार बाजूंच्या फाशाचा आकडा अधिक १. तिन्ही बाण एकाच क्षणी लागतात. ते एकावर सोडा किंवा अनेकांवर. शिवाय एक सामान्य नियम असा की, एका मंत्राने एकाच वेळी अनेकांना इजा झाली तर सर्वांसाठी फासा एकदाच टाकावा. मग तिन्ही बाण एकाच शत्रूवर सोडले तर? एक वाचक म्हणेल, 'एकाच क्षणी' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. फासा एकदाच टाका आणि तिप्पट करा. दुसरा म्हणेल, तो नियम अनेक शत्रूंसाठी आहे. इथे शत्रू एकच, म्हणून फासा तीनदा टाका.

सरासरी काढली तर दोन्ही अर्थांनी इजा १०.५ च येते. म्हणून वाद निरर्थक वाटेल. पण विस्तार पाहा. फासा एकदाच टाकला तर इजा ६, ९, १२ किंवा १५ होते, आणि प्रत्येकीची शक्यता १/४. तीनदा टाकला तर ६ ते १५ पर्यंतचा कोणताही आकडा येतो, पण टोकाचे आकडे दुर्मिळ होतात. ६ ची शक्यता १/६४ आणि १५ चीही १/६४.

२०१४ च्या नियमांनुसार साधा गॉब्लिन ७ इतकी इजा सोसून पडतो. फासा एकदाच टाकल्यास तो पडण्याची शक्यता ३/४, तीनदा टाकल्यास ६३/६४. साध्या ऑर्कला १५ लागतात. त्याच्या बाबतीत चित्र उलटे: एकदा टाकल्यास १/४, तीनदा टाकल्यास फक्त १/६४. म्हणजे कोणता अर्थ खेळाडूच्या फायद्याचा, हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते. अर्थ आधी ठरलेला नसेल, तर गॉब्लिनपुढे एक आणि ऑर्कपुढे दुसरा अर्थ सांगण्याचा मोह कोणालाही होईल, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ खरा ठरेल. संदिग्ध नियमाचा खरा तोटा हाच आहे. नियम असतो तो कमी बोलणाऱ्याच्या रक्षणासाठी.

पंचाचा अधिकार

यावर सूत्रधाराचा शब्द अखेरचा, असे उत्तर खेळाडू देतात. हे उत्तर जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ खेळला जाई. राइसवित्स यांनी १८२४ मध्ये त्याचे तपशीलवार नियम छापले; त्यात नुकसान फाशांनी आणि तक्त्यांनी ठरत असे. पुढे हे तक्ते जाचक वाटू लागले. १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्न्वा यांनी ते बाजूला ठेवून सारे अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोपवावे असा पर्याय मांडला. खेळाला वेग आला, पण सारी भिस्त पंचावर पडली.

तेव्हा पंच हवाच. कितीही नियम लिहिले तरी काही प्रसंग त्यांच्या बाहेर राहणारच. पण पंच असणे ही नियम ढिलेपणाने लिहिण्याची सबब होऊ शकत नाही. प्रत्येक अवघड नियमाखाली त्याचा हेतू एका ओळीत दिला असता, तर पंचाचे काम सोपे झाले असते आणि त्याच्या निर्णयाची तपासणीही करता आली असती. २०२४ च्या आवृत्तीने अनेक वाक्ये दुरुस्त केली, पण हेतू सांगण्याची सवय तिने फारशी लावून घेतलेली नाही.

आपल्या प्रश्नपत्रिका

ही टीका आपल्याही दारी येते. 'पेटीत ५ लाल व ३ निळे चेंडू आहेत. एकामागून एक दोन चेंडू काढले. दोन्ही लाल असण्याची शक्यता किती?' पहिला चेंडू परत टाकला तर उत्तर २५/६४, न टाकला तर ५/१४. प्रश्नात ते लिहिलेले नाही. बहुतेक मुले सवयीने दुसरे उत्तर लिहितील. एखादी मुलगी विचार करून पहिले लिहील, आणि तपासणाऱ्याच्या हातात फक्त उत्तरसूची असेल, तर तिला शून्य मिळेल. तिथे सूत्रधार आपण असतो, आणि तिला टेबलावर वाद घालण्याचीही सोय नसते.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. १ ते ४ आकड्यांच्या चार चिठ्ठ्या डब्यात टाका. अर्ध्या वर्गाने एकच चिठ्ठी काढून तिच्या आकड्यात १ मिळवावा आणि तिप्पट करावी. उरलेल्यांनी तीनदा चिठ्ठी काढावी (दर वेळी परत टाकून), आकड्यांची बेरीज करून तीत ३ मिळवावे. दोन्ही गटांनी असे ६४ वेळा करून स्तंभालेख काढावेत. आलेख शेजारी शेजारी लावले की, एका वाक्याच्या दोन अर्थांत किती अंतर असते ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर तोच नियम त्यांना पुन्हा लिहायला सांगावा, असा की शेजारच्या गटाला त्याचा दुसरा अर्थ काढता येऊ नये.