जुनं म्हणजे किती जुनं? : झुनी दगडी प्राण्यांची ओळख आणि कालनिर्णय

आज टेबलावर हे दगडाचं अस्वल ठेवलंय. बोटभर लांब, हिरवट दगडाचं, पाठीवर बाणाचं टोक तातेनं बांधलेलं. काही वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या एका दुकानातून घेतलं. दुकानदार म्हणाला, झुनी लोकांचं आहे, शंभर वर्षांचं तरी असेल. आम्ही विश्वास ठेवला. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट असली की माणूस दुकानात फसत नाही, असा काही नियम नाही!

तर आजचा प्रश्न साधा दिसतो: हे खरोखर झुनी आहे का, आणि किती जुनं आहे? या विषयावर संग्राहकांनी बरंच लिहिलंय. त्या लिखाणाची पद्धत आपण आज तपासू.

झुनी हे न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागातले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. त्यांच्या या दगडी प्राण्यांना इंग्रजीत ‘फेटिश’ म्हणतात. शब्द झुनींचा नाही. तो पोर्तुगीज ‘फेइतिसो’वरून आला, म्हणजे जादूटोण्याची वस्तू, आणि त्याच्या मागे लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ ‘कृत्रिम, हातानं बनवलेलं’. पोर्तुगीज खलाशांनी तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथल्या लोकांच्या पूजावस्तूंना लावला, १७६० मध्ये शार्ल द ब्रोस या फ्रेंच लेखकानं त्याचा धर्माविषयीचा सिद्धांत केला, आणि तिथून तो मार्क्सपर्यंत पोचला. असो. ‘हातानं बनवलेलं’ हा अर्थ तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७९ साली फ्रँक हॅमिल्टन कुशिंग हा तरुण वॉशिंग्टनहून एका सरकारी मोहिमेबरोबर झुनी गावात आला आणि साडेचार वर्षं राहिला. भाषा शिकला, त्यांच्या एका योद्धा-पुरोहित संघात दाखल झाला. १८८३ साली त्याचा या दगडी प्राण्यांवरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यानं ऐकलेली कथा अशी: जग अजून ओलं, कच्चं होतं आणि हिंस्र प्राणी माणसांना खात सुटले होते. तेव्हा सूर्याच्या जुळ्या मुलांनी विजेनं पृथ्वी भाजून घट्ट केली आणि त्या प्राण्यांना आक्रसून दगड केलं. पण आत जीव राहिला. यापुढे माणसांना खायचं नाही, मदत करायची. म्हणून रानात कुठे प्राण्याच्या आकाराचा दगड सापडला, तर तो दगड म्हणजे तो प्राणीच. फार तर डोळा, तोंड, पाय थोडे उठावदार करायचे.

आता गंमत बघा. नाव दिलं ‘हातानं बनवलेलं’, आणि ज्यांची वस्तू आहे ते म्हणतात, माणसाचा हात जितका कमी तितकी ती मोलाची. आपल्याकडे स्वयंभू आणि घडीव हा भेद आहे, त्यामुळे आपल्याला हे चटकन कळतं. पण तुलना इथंच थांबवू. तांदळा हा आपल्यासाठी देव असतो. कुशिंगच्या मांडणीत हे प्राणी माणूस आणि वरच्या शक्ती यांच्यातले मध्यस्थ आहेत. ‘आपल्यासारखंच आहे’ असं म्हणून टाकणं हीसुद्धा एक प्रकारची चुकीची ओळखच.

आता कसोट्यांकडे वळू. पहिली कसोटी दगडाची. दगड कोट्यवधी वर्षांचा असतो, त्यावरून कोरकामाचं वय कळत नाही. तरी एक गोष्ट कळते. चारोआइट नावाचा जांभळा दगड सायबेरियात मिळतो. खनिज म्हणून त्याचं वर्णन झालं १९७८ साली. तेव्हा चारोआइटचं अस्वल कुणी ‘१९३० सालचं’ म्हणून दाखवलं तर हात जोडावेत. पण पिरोजा, सर्पेंटाइन, शिंपला, जेट हे काळंभोर दगडी कोळशासारखं द्रव्य, हे सगळं आधीही वापरात होतं आणि आजही आहे. त्यावरून काही ठरत नाही.

दुसरी कसोटी हत्याराची. विजेवर फिरणाऱ्या चाकाची रेघ सारख्या खोलीची आणि कडेला तीक्ष्ण असते, पॉलिश काचेसारखं असतं. दगडावर दगड घासून केलेलं काम असमान असतं. पण हातानं घासणारा माणूस आजही असू शकतो.

तिसरी कसोटी बांधणीची. तात, सुती दोरा यांचं कार्बन पद्धतीनं वय काढता येतं. मात्र साधारण १६५० ते १९५० या काळात त्या पद्धतीची उत्तरं इतकी संदिग्ध येतात की आपल्या कामाला निरुपयोगी. शिवाय दोरा बदलता येतो. नव्या दोऱ्यातला जुना दगड असेल, तसा जुन्या दोऱ्यातला नवा दगडही असेल.

या तिन्ही कसोट्या एकाच दिशेनं चालतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही, एवढंच त्या सांगू शकतात. ती जुनी आहे, असं त्यातली एकही सांगत नाही. पॉपरच्या भाषेत, खंडन होतं, सिद्धी होत नाही. आणि ‘कुठल्याच कसोटीत नापास झाली नाही’ याचा अर्थ ‘जुनी आहे’ असा लावणं, ही संग्राहकांच्या लिखाणातली पहिली चूक.

दुसरी चूक जास्त खोल आहे. कुशिंगच्या निबंधात चित्रं आहेत आणि सहा दिशांचा तक्ता आहे: उत्तरेला डोंगरी सिंह, पश्चिमेला अस्वल, दक्षिणेला बॅजर, पूर्वेला लांडगा, वर गरुड, खाली जमिनीत बिळं करणारा मोल. हे प्राणी शिकारीच्या रक्तानं माखल्यामुळे काळवंडतात, असंही त्यानं लिहिलंय. १९६६ साली तो निबंध पुन्हा छापला गेला आणि सगळ्यांच्या हाती आला. म्हणजे काय झालं? ज्या खुणांवरून जुनी वस्तू ओळखायची, त्याच खुणांची पाककृती नक्कल करणाऱ्याला घरबसल्या मिळाली. काळवंडलेपण? करता येतं. पाठीवर बाणाचं टोक? बांधता येतं. चित्राशी तंतोतंत जुळणारी वस्तू दिसली, तर आम्ही उलट जास्त सावध होऊ. खूण जाहीर झाली की तिचं साक्षीमूल्य घटतं.

मग उरतो वस्तूचा इतिहास: कुणी, कधी, कुठून आणली. लीक्या देयुसे (१८८९–१९६६) हा झुनींचा नामवंत शिल्पी. तो कामावर सही करत नसे. सी. जी. वॉलेस या व्यापाऱ्यानं त्याच्याकडून आणि इतरांकडून दशकानुदशकं काम घेतलं. त्याच्या संग्रहातून आलेली वस्तू त्यामुळे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येते. हे काम विक्रीसाठीच केलेलं होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. विक्रीसाठीचं कोरीवकाम आणि विधिपूर्वक वापरातली वस्तू असा भेद झुनी स्वतः करतात. दोन्ही अस्सल झुनीच. ‘नवं म्हणजे नकली’ हे समीकरण बाजाराचं आहे. नकली ते, जे दुसऱ्याच कुणी बनवून झुनी म्हणून विकलं. १९९० च्या अमेरिकी कायद्यानं तो गुन्हाच आहे.

नेल्सन गुडमन म्हणतो की चित्र अस्सल की नक्कल हे ते कसं निर्माण झालं त्या इतिहासावर ठरतं. झुनींच्या वापरातल्या वस्तूला हे पुरत नाही. तिला मडक्यात ठेवलं, मक्याचं पीठ भरवलं, शिकारीला नेलं, तिच्याशी बोललं गेलं. तिची ओळख या वापरात आहे. हा वापर दगडावर वाचता येत नाही. तो फक्त माणसं सांगू शकतात.

आणि इथे प्रश्न अवघड होतो. अशी वापरातली वस्तू झुनींच्या घरातून बाहेर आली कशी? १९१७ ते १९२३ या काळात फ्रेडरिक हॉजनं झुनींच्या हाविकू या जुन्या गावी उत्खनन केलं, शेकडो कबरी उघडल्या. तारीख पक्की कळावी तर वस्तू अशी खणूनच काढलेली हवी. म्हणजे आपली खात्री आणि त्यांचं नुकसान एकाच खड्ड्यातून वर येतात. झुनींच्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती, आहायुदा, उघड्यावर ठेवून झिजू द्यायच्या असतात. त्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या निघाल्या. १९७८ पासून झुनींनी त्या परत मागितल्या. युक्तिवाद असा: या साऱ्या समाजाच्या आहेत, कुणा एकाला विकायचा अधिकारच नाही, म्हणून बाहेर दिसणारी प्रत्येक मूर्ती चोरीचीच. डेन्व्हरच्या संग्रहालयानं परत केल्या, पुढे स्मिथसोनियननंही. दगडी प्राण्यांना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाही, कारण त्यांतले कितीतरी विकण्यासाठीच घडवलेले असतात. पण वस्तू जितकी जुनी आणि वापरातली, तितका ‘बाहेर कशी आली?’ हा प्रश्न मोठा होत जातो. संग्राहकांच्या लिखाणात तो शेवटच्या परिच्छेदात येतो, आला तर. आमच्या मते तो पहिल्या ओळीत हवा.

फिल ह्यूटी या झुनी चित्रकाराचं कुशिंगवरचं व्यंगचित्रांचं पुस्तक १९९४ साली आलं. निरीक्षण करणाऱ्याचंच निरीक्षण! ज्यांना विषय अवघड वाटला त्यांनी ते मिळालं तर जरूर बघावं.

आता आमचं अस्वल. परत आल्यावर भिंगाखाली पाहिलं. पायांमधल्या रेघा यंत्राच्या, आणि तातेखाली गोंदाचा चकचकीत थेंब. शंभर वर्षं काही नाही. झुनी हाताचं आहे की नाही, तेही आम्ही सांगू शकत नाही, कारण विकत घेताना ‘कुणी कोरलं?’ हा साधा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. ‘किती जुनं?’ एवढंच विचारलं. दुकानदारानं आम्हाला हवं तेच उत्तर दिलं.

बरेच दिवस फसल्याचं वाईट वाटत होतं. आता वाटतं, ते खरंच शंभर वर्षांचं आणि कुणाच्या मडक्यातलं निघालं असतं, तर आज ते या टेबलावर ठेवायला आम्हाला जास्त संकोच वाटला असता.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.