सामाईक ते कुठे ठेवावे?

संगणकातला कोणताही कार्यक्रम हार्ड डिस्कशी थेट बोलत नाही. मध्ये असतो संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि त्यात त्या डिस्कची भाषा जाणणारा ड्रायव्हर. लिनक्स या कर्नेलची आज्ञावली कोणालाही वाचता येते. त्यामुळे तो घडवणाऱ्यांचे मतभेदही उघडपणे होतात. त्यांपैकी एक वाद आम्हाला वर्गात मांडण्याजोगा वाटतो.

पूर्वी घरगुती संगणकांत स्वस्त एटीए डिस्क असे, मोठ्या संगणकांत महाग स्कझी डिस्क. दोघींच्या आज्ञा वेगळ्या, म्हणून लिनक्समध्ये व्यवस्थाही दोन. एटीएची आज्ञावली वाढत जाऊन गुंतागुंतीची झाली. २००२ साली मार्टिन डालेकी यांनी ती नव्याने बांधायला घेतली. पण तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते काम काढून टाकून जुनीच आज्ञावली परत आणली.

जेफ गार्झिक यांनी दुसरी वाट धरली. साटा या नव्या पद्धतीच्या डिस्कसाठी त्यांनी ‘लिबएटीए’ लिहिली आणि ती स्कझी व्यवस्थेखाली बसवली. वरून स्कझीची आज्ञा येते, लिबएटीए तिचे एटीएच्या भाषेत रूपांतर करते. आज्ञांची रांग लावणे, चूक झाल्यास पुन्हा प्रयत्न करणे ही कामे स्कझी व्यवस्थेत तयारच होती. शहागडला गोदावरी ओलांडायला एसटी, ट्रक आणि उसाचा ट्रॅक्टर यांच्यासाठी तीन पूल कोणी बांधत नाही, तसाच हा विचार.

विरोधकांचा आक्षेप असा, की जी डिस्क स्कझी नाही तिला स्कझीचे सोंग कशाला? सामाईक कामे सर्वच डिस्कना लागणाऱ्या वरच्या ‘ब्लॉक’ थरात न्यावीत. सोंगाची किंमतही पडली. डिस्कचे नाव ‘एचडीए’चे ‘एसडीए’ झाले, आणि जुन्या नावावर विसंबलेल्या जोडण्या अडल्या. एका डिस्कचे पूर्वी ६३ विभाग चालत, आता १५च. ही मर्यादा २००८ मध्ये दूर झाली.

आमच्या मते दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या. आज डिस्क भरवशाने कशी चालेल, याचे उत्तर गार्झिक यांचे. जुन्याला धक्का न लावता त्यांनी शेजारी नवे उभे केले, ते कसोटीस उतरले, आणि २०२१ मध्ये जुनी व्यवस्था कर्नेलमधून काढण्यात आली. पण स्कझीचा आसरा तात्पुरता म्हणून घेतला होता, तो आजही सुटलेला नाही. उलट २०१२ मध्ये एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला, तो स्कझीला वगळून थेट ब्लॉक थराशी जोडलेला. रचनेच्या प्रश्नात विरोधकांचे म्हणणे तिथे खरे ठरले.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालावा. भौतिकी आणि रसायन या दोन्ही प्रयोगांना लागणारा स्टँड रसायनाच्या कपाटात जागा आहे म्हणून तिथे ठेवावा, की दोघांसाठी वेगळे कपाट करावे? उत्तरापेक्षा कारणे तपासावीत.