रस्त्यावरच्या पाटीतली माणसं

मंडळी, आज ब्रिटनच्या रस्त्यावरच्या दोनच पाट्या पाहू. दोन्ही लाल काठाच्या त्रिकोणातल्या, दोन्हींत दोन-दोन काळ्या आकृत्या.

पहिली मुलांची. १९६३च्या वॉरबॉइज समितीनंतर तिथल्या सगळ्या पाट्या नव्याने आखल्या गेल्या. काम जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांचं. शब्द कमी, चित्र जास्त, कारण चालकाच्या हाती क्षणभराचाच वेळ. आधीच्या पाटीत शाळेची टोपी घातलेला मुलगा पुढे आणि छोटी मुलगी त्याच्यामागे. कॅल्व्हर्टना त्यात उच्चभ्रू शाळेचा वास आला. त्यांनी टोपी काढली आणि क्रम उलटा केला. आता मुलगी पुढे, लहान मुलाचा हात तिच्या हातात. ती मुलगी म्हणजे आपणच, असं त्यांनी नंतर सांगितलं.

दुसरी पाटी १९८१ची, म्हाताऱ्या माणसांची. पाठीत वाकलेलं जोडपं आणि एक काठी. हे चित्र मुलांच्या स्पर्धेतून आलं.

आता फरक बघा. पहिलं चित्र स्वतःचं बालपण आठवून काढलेलं आहे, दुसरं म्हातारपण लांबून पाहून. पहिल्यातली मुलं बिचारी दिसत नाहीत, तरातरा चाललीयत. म्हणजे धोका गाडीचा आहे, सांभाळायचं चालकाने. दुसऱ्यात मात्र अडचण त्या वाकलेल्या पाठीतच आहे असं वाटतं.

कुणी म्हणेल, अहो, काठी नसेल तर काळ्या आकृतीचं वय कळणार कसं? मुद्दा बरोबर आहे. ही माणसं सावकाश रस्ता ओलांडतात, त्यांना वेळ द्या, हे चालकाला कळायलाच हवं. नियमात या चित्राचा अर्थ 'अशक्त पादचारी' असाच आहे, आणि त्या अर्थाला काठी शोभते. पण खालच्या पट्टीवर काही ठिकाणी 'वृद्ध माणसं' लिहिलेलं असतं. तिथे घोटाळा होतो. चित्र म्हणतं अशक्त, पट्टी म्हणते वृद्ध, आणि बघणारा दोन्ही एकच समजतो. सत्तरीतही ताठ चालणाऱ्या बाईंनी त्या पाटीखालून जाताना काय समजायचं?

म्हणून माझं मत असं, की चूक रेषेपेक्षा नावात जास्त आहे. चित्र राहू द्या, पट्टी बदला. सावकाश ओलांडणाऱ्यांसाठी थांबा, एवढंच लिहा. त्यात वय नाही आणि चालकाने काय करायचं तेही आलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.